या हाताचे त्या हाताला

दान करावे तर असे की, या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु एका हाताची वार्ता दुसऱ्याला एरवी कोणत्या वाटेने पोहोचते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ती वाट मेंदूत आहे. उजव्या व डाव्या गोलार्धांना जोडणारा, सुमारे वीस कोटी तंतूंचा एक रुंद पट्टा तेथे आडवा पसरलेला असून वैद्यकात त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. आणि हा पट्टा शस्त्राने छेदला तर माणूस एकच राहतो की त्याचे दोन होतात, हे प्रकरण तत्त्वज्ञांच्या दप्तरी अद्याप निकालावाचून पडून आहे.

छेद घेण्याचे मूळ कारण मात्र तात्त्विक नव्हते. अपस्माराचा झटका एका गोलार्धात उठून याच पट्ट्यावरून दुसऱ्यात शिरतो. तेव्हा ज्यांच्यापुढे औषधांनी हात टेकले त्या रोग्यांपुरती ही वाटच तोडावी, या हेतूने अमेरिकेतील रॉचेस्टर येथे व्हॅन वॅगनेन यांनी १९४०च्या सुमारास अशा शस्त्रक्रिया केल्या. पुढील तपासण्यांत रोग्यांच्या वागण्याबोलण्यात फारसा पालट आढळला नाही, आणि दोन्ही गोलार्ध खाली ओघळू न देणे एवढेच या पट्ट्याचे काम असावे, अशी थट्टा शास्त्रज्ञांतच होऊ लागली. १९६२ मध्ये बोगेन व व्होगेल या शस्त्रवैद्यांनी लॉस एंजेलिस येथे, महायुद्धात डोक्याला मार लागलेल्या एका माजी सैनिकावर ही शस्त्रक्रिया केली, आणि रॉजर स्पेरी व त्यांचे तरुण विद्यार्थी मायकेल गॅझॅनिगा यांनी त्याची परीक्षा निराळ्या युक्तीने घेतली.

युक्ती अशी : रोग्याने पडद्याच्या मध्यबिंदूवर नजर रोखायची आणि त्या बिंदूच्या एका अंगास चित्र निमिषमात्र झळकवायचे. डावीकडचे दृश्य उजव्या गोलार्धात जाते, उजवीकडचे डाव्यात; आणि वाणीचा अंमल बहुतेकांत डाव्याकडे असतो. म्हणून डावीकडे चित्र झळकले की असे रोगी काहीच दिसले नाही म्हणून सांगत, आणि उजव्या गोलार्धाच्या ताब्यातला त्यांचा डावा हात मात्र आडोशामागच्या वस्तूंतून नेमकी तीच वस्तू चाचपून काढी. या संशोधनासाठी स्पेरींना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गॅझॅनिगा व जोसेफ लडू यांचा पुढचा प्रयोग याहून विलक्षण आहे. एका रोग्याच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा दाखविला व उजव्याला बर्फाचे दृश्य. समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने बर्फ उपसायचे फावडे. असे का, म्हणून विचारता, पंजा कोंबडीचाच आणि तिचे खुराडे साफ करायला फावडे हवेच, असा खुलासा त्याने तत्काळ केला. बोलणाऱ्या गोलार्धाने बर्फ पाहिलाच नव्हता. तरी दुसऱ्या कचेरीतून सुटलेल्या हुकुमाची कैफियत, तो हुकूम न वाचताच, आपल्या सहीने लिहून देणाऱ्या कारकुनाप्रमाणे तो निःशंक होता.

आता यात ‘मी’ कोण? स्पेरींना येथे दोन स्वतंत्र जाणिवा दिसल्या. मेंदूशास्त्रज्ञ जॉन एक्ल्स यांनी अहंभान बोलक्या गोलार्धापुरतेच मानले. तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, अशा रोग्यात मने किती, या प्रश्नाला पूर्णांकात उत्तरच नसावे. ‘मी’ एक की अनेक, हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, जे डोळ्यांनी पाहिले तेच हाताने स्पर्शिले, अशी ओळख पटते त्या अर्थी इंद्रियांहून वेगळा एक आत्मा आहे, असा युक्तिवाद आहे. डाव्या डोळ्याने पाहिलेले उजव्याला ओळखू येते, हा दाखलाही तेथे आहे, आणि डोळा मुळात एकच असून नाकाच्या हाडाने त्याचे दोन भासतात, असा प्रतिपक्षाचा आक्षेपही. नैयायिकांनी ज्या प्रत्यभिज्ञेवर आत्म्याचे एकत्व उभे केले तीच या रोग्यांत दुभंगते : डाव्या हाताने चाचपलेली वस्तू न पाहता उजव्याला हुडकता येत नाही. तरीही घरी तो रोगी एका नावाने ओळखला जातो आणि स्वतःला एकच समजतो.

२०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या याइर पिंटो व सहकाऱ्यांनी दोन रोग्यांच्या परीक्षेवरून नवा आक्षेप घेतला. दृष्टिक्षेत्राच्या कोणत्याही भागात आकृती दिसली की तिचे स्थान त्यांना वाणीने व दोन्ही हातांनी सांगता येई. पण दोन बाजूंच्या आकृतींची तुलना करता येत नसे. अर्थात, त्यांच्या मते, दर्शन दुभंगले तरी द्रष्टा दुभंगला नाही. हा निष्कर्ष सर्वमान्य नाही, कारण खोलवरच्या काही वाटा छेदानंतरही शाबूत राहतात.

निकाल कोणताही लागो, मला त्या फावड्याचा विसर पडत नाही. तो रोगी खोटे बोलत नव्हता. खरे-खोटे पडताळण्याची वाटच त्याला उरली नव्हती. आपला पट्टा शाबूत आहे. तथापि रागावल्यावर किंवा एखाद्याविषयी मन उगाच कलल्यावर जी सबळ कारणे आपण झटपट मांडतो, त्यांतली किती मूळ हुकूम वाचून लिहिलेली असतात, हे स्वतःला विचारताना माझाही हात अडखळतो.