स्थलांतरित बालकांचे हक्क आणि शासनाची जबाबदारी : वसईतील वीटभट्ट्यांच्या संदर्भात

संयुक्त राष्ट्रसंघाने 20 नोव्हेंबर 1989 रोजी बालहक्क संहिता स्वीकारली व भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी तिला मान्यता दिली. त्यामुळे बालकाचे शिक्षण, आरोग्य व संरक्षण ही दयेची बाब न राहता शासनाचे उत्तरदायित्व ठरली. हे उत्तरदायित्व प्रत्यक्षात कसे निसटते, याचे उदाहरण वसई परिसरात आढळते.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील अनेक आदिवासी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वसई-भिवंडीतील वीटभट्ट्यांवर येतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते. परिणामी नाव गावच्या हजेरीपटावर आणि मूल भट्टीवर, अशी स्थिती निर्माण होते. भोंगा म्हणजे भट्टी मजुराची झोपडी. उसगावच्या विधायक संसद या संस्थेने 1990 च्या दशकात भट्टीवरच ‘भोंगा शाळा’ चालवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने चित्र बदलले. कलम 9 नुसार हद्दीतील 14 वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे व स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दाखल्यास विलंब झाला म्हणून कलम 5 नुसार प्रवेश नाकारता येत नाही.

सारांश, मुलाने शाळा शोधावयाची नसून शासनाने मूल शोधावयाचे आहे. स्वयंसेवी संस्था मार्ग दाखवू शकते. तथापि भट्टी पेटण्यापूर्वी तेथील बालकांची नोंद होणे, हीच या जबाबदारीची खरी कसोटी होय.