दुपारनंतरचे पहिले बिल का अडते?

आपल्या मालवण किनारपट्टीवर दुपारी जेवणाच्या वेळी बरीच दुकाने बंद होतात आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा उघडतात. शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी दुकान काही काळ बंद असतेच. ज्या व्यापारी बांधवांनी बिले व हिशोब संगणकावर घेतले आहेत, त्यांच्यापैकी काहींना या सुट्टीनंतर एक विचित्र अनुभव येतो. सकाळभर बिनतक्रार चाललेला प्रोग्राम पहिल्याच बिलाला अडतो. पडदा गोठतो, थोड्या वेळाने 'कनेक्शन तुटले' असा संदेश येतो. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की सर्व सुरळीत! मग कोणी इंटरनेटवाल्याला दोष देतो, तर कोणी नवी वायर ओढतो. दोष मात्र बहुधा तिथे नसतो.

समजा, काजू-कोकमाचे दुकान मालवणात आहे आणि वखार कुडाळला. मालाच्या व उधारीच्या नोंदी, म्हणजेच डेटाबेस, वखारीतील संगणकावर आहे. दुकानातला संगणक सकाळी त्याच्याशी संपर्क जोडतो व तो दिवसभर जोडलेलाच ठेवतो. मध्ये असतो घरगुती राऊटर. आतला कोणता संगणक बाहेर कोणाशी बोलतो आहे, याची नोंद तो आपल्या स्मृतीत ठेवतो. ही स्मृती मर्यादित असते. म्हणून ठराविक वेळ काहीच ये-जा झाली नाही, तर तो ती नोंद खोडून टाकतो आणि बहुधा दोन्ही टोकांना कळवतही नाही. दोन्ही संगणक संपर्क चालू आहे असेच समजत राहतात. दुपारनंतर बिल पाठवले की ते वाटेतच अडते.

यावर उपाय म्हणून 'कीप-अलाइव्ह' नावाची सोय आहे. रिकाम्या वेळी संगणक 'आहात ना?' असा लहानसा इशारा पाठवतो. परंतु १९८९ सालच्या नियमानुसार ही सोय मुळात बंद असते आणि चालू केली तरी पहिला इशारा दोन तासांनी जातो. विंडोज व लिनक्स या दोन्हींत मूळ मुदत दोन तासांचीच आहे. राऊटरने अशी नोंद किमान २ तास ४ मिनिटे जपावी, असे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २००८ साली सांगितले. पण अनेक राऊटर त्याआधीच नोंद पुसतात. इशारा निघेपर्यंत वाट बंद झालेली असते.

दुरुस्तीपूर्वी निदान करावे. दुकान रिकामे असताना दहा मिनिटे, अर्धा तास, एक तास असे थांबून एकेक बिल करून पाहावे. दरवेळी ठराविक विश्रांतीनंतरच अडत असेल, तर कुठेतरी घड्याळ लावलेले आहे असे समजावे. ते राऊटरमध्ये असेल किंवा डेटाबेसमध्येच असेल. उदाहरणार्थ, मायएसक्यूएल हा डेटाबेस रिकामा संपर्क मूळ मांडणीनुसार आठ तासांनी स्वतः तोडतो. रात्रभर प्रोग्राम उघडा ठेवून सकाळी अडचण येत असेल, तर हे कारण प्रथम पाहावे.

काम चालू असतानाही कधीही तुटत असेल, तर कारण वेगळे. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय क्षीण होते. तेथे वायर घालावी. वीज गेली की राऊटर बंद पडतो. त्याला छोटा बॅटरी बॅकअप द्यावा. दोन्ही संगणक एकाच घरात असतील, तर राऊटरच्या नोंदीचा प्रश्न सहसा येत नाही. तेव्हा संगणक झोपी जातो का, ते पाहावे आणि डेटाबेसच्या संगणकाची 'स्लीप' सोय बंद करावी.

घड्याळाचा दोष ठरला, तर प्रोग्राम करून देणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्यात. कीप-अलाइव्ह चालू करून पहिला इशारा दोन-तीन मिनिटांनी जाईल असे करावे. आणि जुना संपर्क वापरण्यापूर्वी तो जिवंत आहे का हे तपासून, नसल्यास प्रोग्रामने स्वतःच नवा जोडावा. वखारीचा डेटाबेस इंटरनेटवर थेट उघडा ठेवू नये. मध्ये खासगी मार्ग, म्हणजे व्हीपीएन घ्यावा. वायरगार्ड या मोफत व्हीपीएनमध्ये दर २५ सेकंदांनी इशारा पाठवण्याची सोय आहे. ती चालू केल्यास वाट सहसा बंद होत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. गिऱ्हाईक समोर उभे असते, बिल अडते आणि आपण घाईने पुन्हा बटण दाबतो. कधी कधी पहिले बिल वखारीत पोहोचलेले असते, फक्त त्याची पोच परत आलेली नसते. मग एकाच मालाची दोनदा नोंद होते. शिल्लक साठा चुकतो, जीएसटीचा हिशोब चुकतो आणि न घेतलेल्या मालाची उधारी गिऱ्हाइकाच्या नावे चढते. म्हणून संपर्क तुटल्यावर प्रथम शेवटचा बिल क्रमांक पाहावा, मगच नवे बिल करावे. प्रत्येक बिलाला पाठवण्यापूर्वीच क्रमांक मिळावा आणि त्याच क्रमांकाचे दुसरे बिल डेटाबेसने नाकारावे, अशी व्यवस्था करून घ्यावी. तुटलेला संपर्क क्षणात जोडता येतो. दुप्पट उधारी मागितलेल्या गिऱ्हाइकाचा विश्वास परत मिळवणे मात्र कठीण असते.