मोटार का बुजते?

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ही दोन्ही नावे दूरवर पोहोचली आहेत. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत या मुलखाची ओळख संत्र्याच्या बागांची आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा आणि सौसर या तालुक्यांचा नवा जिल्हा झाला. तथापि येथील माल पूर्वीसारखाच नागपूरच्या वाटेला लागतो. पूर्वी तो बैलगाडीत भरला जाई. आज पिकअपमध्ये कॅरेट रचले जातात, आणि घरची माणसे लग्नाकार्याला लहान मोटारीतून जातात.

बैलगाडी हाकणाऱ्याला एक अनुभव चांगला परिचित होता. एखादा बैल रस्त्यात एकाएकी बुजतो, अंग चोरतो आणि गाडी बाजूला नेतो. मोटारही अशी बुजते. स्टिअरिंगवर बोट टेकावे तो गाडी झटकन वळते. लहानशा खड्ड्यावरून जाताच तिचे तोंड फिरते. मागून मोठी ट्रक गेली की ती डगमगते. सरळ रस्त्यावरही चालकाला सारखे डावे-उजवे करीत राहावे लागते. पन्नास किलोमीटरांच्या प्रवासात खांदे दुखू लागतात. घरची मंडळी म्हणतात, चालवणाराच घाबरट आहे. पुष्कळदा दोष चालवणाऱ्याचा नसतो, चाकांचा असतो.

ही तक्रार किती गंभीर आहे, हे साध्या हिशेबाने कळेल. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. तिचे तोंड केवळ एका अंशाने फिरले, तर त्या एका सेकंदात ती सुमारे ३९ सेंटीमीटर बाजूला सरकते. समोरून येणारे वाहन आणि कडेने शाळेतून परतणारी मुले यांच्यामध्ये कित्येकदा एवढेच अंतर उरते. आणि एवढ्या वेगाच्या गाडीला जमिनीशी बांधून ठेवणारे असते तरी काय? प्रत्येक टायर जमिनीला तळहाताएवढ्याच जागेवर टेकतो. असे चार तळहात, आणि त्यांवर हजार किलोंचे ओझे. हे चार तळहात योग्य दिशेने, योग्य दाबाने व सतत जमिनीवर टेकलेले राहावेत, याचसाठी टायर, स्प्रिंगा आणि चाकांची मांडणी यांचा सारा खटाटोप आहे.

गाडी बुजू लागली की बहुतेक लोक सरळ अलाइनमेंटच्या दुकानात जातात. येथेच क्रम चुकतो. गाडीचे चाक लटपटू लागले म्हणजे जुना सुतार प्रथम आसाची खीळ पाही, तुंब्याचे भोक झिजले आहे का ते पाही, धाव सैल झाली आहे का ते ठोकून पाही. चाक सरळ आहे की तिरपे, हा विचार तो त्यानंतर करी. ढिल्या तुंब्यावरचे चाक आज सरळ केले तरी उद्या तिरपेच होणार. मोटारीचेही तसेच आहे. सांधे ढिले असताना केलेली अलाइनमेंट यंत्रावरून खाली उतरताच बिघडू लागते. म्हणून तपासणी स्वस्त गोष्टीकडून महाग गोष्टीकडे, बाहेरून आत अशी करावयाची असते, आणि अलाइनमेंट ही तिची शेवटची पायरी होय.

पहिली पायरी हवेची. टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर, हवा मोजावी. किती हवा हवी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टायरच्या कडेवर छापलेला दाबाचा आकडा त्या टायरला सोसणारी कमाल मर्यादा सांगतो. तितकी हवा भरावी असा त्याचा अर्थ नव्हे. हवा अतिशय जास्त झाली तर टायर मध्यभागीच टेकतो, दगडावरून उसळतो आणि स्टिअरिंग वाजवीपेक्षा तिखट होते. मागच्या चाकांत हवा कमी असेल तर गाडीची शेपटी वळणावर सैल पडते.

पिकअपच्या बाबतीत येथे एक विशेष गोष्ट घडते. संत्र्यांनी भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांत जास्त हवा भरली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु नागपुरास माल उतरवून तीच गाडी रिकामी परतते, तेव्हा ते कडक टायर आणि ओझ्यासाठी बनवलेल्या ताठ कमानी मागचा भाग खडबडीत वळणावर उसळवतात. सिल्लेवानीच्या घाटासारख्या वळणांवर हे जिवावर बेतू शकते. उलट, कॅरेट मागच्या आसाच्याही मागे रचले तर पुढची चाके हलकी होतात, आणि हलक्या चाकांची जमिनीवरील पकड कमी होते. तेव्हा भरताना जड माल शक्य तितका पुढे व खाली असावा, आणि रिकाम्या परतीत वेग आवरावा.

दुसरी पायरी टायर वाचण्याची. टायर म्हणजे गाडीची रोजनिशीच होय. मात्र ती वाचता आली पाहिजे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त झाली आहे. एकच कड झिजली असेल तर चाक तिरपे उभे असण्याचा संभव असतो. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा चाकाचा तोल यांवर संशय घ्यावा. गाडी उभी असताना टायरवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाक सरळ लोळत नसून फरफटत चालले आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. लहान मोटारीच्या टायरची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे केवळ १.६ मिलिमीटर खोली उरली असे समजावे. टायरच्या कडेवरील चार आकडे त्याचे वय सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

टायर बदलताना एक समज हमखास आड येतो. दोनच नवे टायर घेतले तर लोक ते पुढे घालतात, कारण स्टिअरिंग पुढे असते. वास्तविक चांगले टायर मागे हवेत. पुढची चाके घसरू लागली तर गाडी सरळ जाऊ पाहते, हे चालकाला कळते आणि तो वेग कमी करतो. मागची चाके घसरली तर ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे कसलेल्या चालकालाही कठीण जाते. तसेच एकाच आसावर वेगवेगळ्या जातीचे किंवा फार वेगळ्या झिजेचे टायर घालू नयेत.

तिसरी पायरी ढिलेपणाची. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक लावावा, उरलेल्या चाकांना दगड लावावेत आणि चाक उचलल्यावर खाली मजबूत टेकू द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. मग चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील १२ व ६ च्या जागी, धरून हलवावे. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजला असावा. नंतर पुढचे चाक ९ व ३ च्या जागी धरून हलवावे. येथे हालचाल जाणवली तर संशय टाय रॉडच्या टोकांवर किंवा स्टिअरिंगच्या रॅकवर जातो. रबरी बुश फाटलेले दिसले तर तेही पुरेसे कारण होय. बुश फाटला की ब्रेक दाबताच किंवा खड्डा लागताच चाक स्वतःची दिशा बदलते, आणि चालकाला वाटते की गाडी बुजली.

चौथी पायरी झोके आवरणाऱ्या साधनांची. स्प्रिंग धक्का झेलते. शॉक ॲब्सॉर्बर त्या स्प्रिंगचा झोका थांबवतो. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिर झाला तर ठीक. दोनतीनदा हेलकावला तर शॉक ॲब्सॉर्बर संपला आहे. त्याच्या नळीवर तेलाचे ओघळ दिसले तरी तेच समजावे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात शॉक ॲब्सॉर्बरच चाकाला उभे धरणारा खांब असतो. तो वाकला तर चाकही तिरपे होते. पिकअपच्या मागे कमानीचे पाटे असतात. त्यांना आसाशी आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले तर मागचा संपूर्ण आस किंचित तिरका होऊन गाडीला मागून वळवू लागतो. जास्त माल बसावा म्हणून काही जण कमानीत एखादा पाटा वाढवतात. त्याने रिकाम्या गाडीची शेपटी उंच होते, नाक खाली जाते, आणि पुढच्या चाकांची मांडणी बदलून स्टिअरिंग अधिक चंचल होते.

एवढे झाल्यावरच पाचवी पायरी, अलाइनमेंट. यात तीन मापे असतात. पहिले टो: दोन चाकांची तोंडे किंचित आत वळलेली आहेत की बाहेर. माणूस पाऊल आत किंवा बाहेर टाकून चालतो, तसेच हे. पुढच्या चाकांची तोंडे प्रमाणाबाहेर बाहेर फाकली, तर गाडी सरळ जाण्याऐवजी सतत वळण शोधते. मागची फाकली, तर ती त्याहून धोकादायक. दुसरे कॅम्बर: समोरून पाहता चाक उभे आहे की कललेले. तिसरे कॅस्टर. सामानाच्या ढकलगाडीचे लहान चाक आपल्या खुंटीच्या मागे राहते आणि म्हणून सरळ धावते. मोटारीचे चाक ज्या रेषेभोवती वळते तिला मागे कल देऊन हाच परिणाम साधतात. हा कल कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी भरकटते.

चाकांची भूमिती हा विषय मोटारीहूनही जुना आहे. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे, ही योजना म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी घोड्याच्या गाडीसाठी केली, आणि १८१८ साली रुडॉल्फ आकरमन यांनी तिचे पेटंट लंडनमध्ये घेतले. आजची मोटारही तेच तत्त्व पाळते.

अलाइनमेंट चारही चाकांची करून घ्यावी आणि आधीची व नंतरची मापे असलेला छापील कागद मागून घ्यावा. पुष्कळशा लहान गाड्यांत केवळ पुढचा टो बदलता येतो. कॅम्बर किंवा कॅस्टर प्रमाणाबाहेर निघाला, तर एखादा भाग वाकलेला किंवा झिजलेला आहे. तेथे टो फिरवून काम भागवणे म्हणजे ताप उतरवून रोग तसाच ठेवणे.

या सर्व तपासणीत एक शिस्त मात्र पाळावयास हवी. एका वेळी एकच बदल करावा, नंतर ओळखीच्या सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने गाडी चालवून पाहावी आणि काय फरक पडला ते वहीत लिहावे. आपल्याकडे रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी कडेकडे उतार असतो. त्यामुळे डावीकडे किंचित ओढ वाटली तर तो गाडीचा दोष नव्हे. चारही गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कदाचित सुधारेल; पण कशाने सुधारली हे कळणार नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल.

शहाणा शेतकरी बुजऱ्या बैलावर आसूड उगारत नाही. तो त्याचा खुर उचलून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो. मोटारीच्या मालकाने महिन्यातून एकदा, सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी, चार टायरांवरून असाच हात फिरवावा. दहा मिनिटांचे काम आहे. त्या गाडीत घरची माणसे बसणार असतात.