गुरांच्या दवाखान्यातला गिनीपिग

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या प्रदेशात काही हजार वर्षांपूर्वी माणसाळलेला गिनीपिग हा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातला कुरतडणारा प्राणी आहे. तो मालवणच्या दमट किनाऱ्यावरील घरात पाळला जातो, तेव्हा त्याच्या आजारपणात कोणाकडे जावे हा प्रश्न त्याच्या खाण्यापिण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. सिंधुदुर्गात पशुवैद्यकीय दवाखान्याला सर्रास गुरांचा दवाखाना म्हटले जाते आणि ते नाव सार्थही आहे, कारण तेथील बहुतेक काम गाई-म्हशी, कोकण कन्याळ जातीच्या शेळ्या आणि कोंबड्या यांच्याभोवती फिरते. किलोभर वजनाचा गिनीपिग त्या टेबलावर क्वचितच येतो.

गाय आणि गिनीपिग दोघेही गवत पचवतात ते स्वतःच्या बळावर नव्हे, तर पोटातील सूक्ष्मजीवांच्या मदतीने; मात्र गाईचे हे आंबवण्याचे पात्र जठराच्या पहिल्या कप्प्यात असते, तर गिनीपिगचे लहान आतडे संपते तेथे, अंधनाल नावाच्या मोठ्या पिशवीत. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविके, विशेषतः तोंडावाटे दिली असता, या पिशवीतील उपकारक जिवाणू मारतात, त्यांच्या मोकळ्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. कुत्र्याला निर्धास्तपणे दिली जाणारी गोळी येथे घातक ठरते ती अशी. गंमत अशी, की गिनीपिगला सहसा मानवणारे एन्रोफ्लॉक्सासिन गुरांसाठीही वापरले जाते. म्हणजे उणीव असते ती बहुधा औषधाची नसून माहितीची, आणि शेकडो किलोंच्या जनावरासाठी भरलेल्या बाटलीतील औषध थेंबांच्या मापाने, सौम्य करून देण्याच्या सवयीची.

वैद्यकशास्त्राला हा प्राणी अपरिचित आहे, असे मात्र म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत प्लेगचे संशोधन चालू असताना प्लेगग्रस्त घरांमध्ये गिनीपिग मोकळे सोडले जात आणि त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा वेचून तपासल्या जात. पिसवांपासून जाळीने राखलेले प्राणी बहुधा वाचत, उघड्यावरचे मरत, आणि त्यातून प्लेग पसरवण्यातला पिसवांचा वाटा सिद्ध होण्यास मोठी मदत झाली. या संशोधनाचे केंद्र असलेली प्रयोगशाळा परळला होती आणि 1886 साली स्थापन झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. पुढे 1907 साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी आहारात फेरफार करून गिनीपिगमध्ये स्कर्व्ही हा रोग घडवून आणला. माणसाप्रमाणेच या प्राण्यालाही क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, हे त्यामागचे कारण नंतर उलगडले. उपकरण म्हणून तो इतका ओळखीचा झाला, पण रुग्ण म्हणून फार उशिरा.

त्याला दर किलो वजनामागे रोज साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. ते दमट हवेत साठवलेल्या पाकीटबंद खाद्यात लवकर नष्ट होते, त्यामुळे ताजी ढोबळी मिरची, कोथिंबीर किंवा पेरूची लहानशी फोड अधिक भरवशाची. सांधे सुजलेला, हलायला नाखूश असलेला गिनीपिग पाहून जो डॉक्टर आधी आहाराची चौकशी करतो, त्याला हा प्राणी ठाऊक आहे असे समजायला हरकत नाही.

खरी कसोटी दातांची असते. गिनीपिगचे वीसही दात आयुष्यभर वाढतात आणि गवताच्या खरखरीत चर्वणानेच झिजतात. ती झीज थांबली की खालच्या दाढा आत कलून जिभेवर कमान धरतात. असा प्राणी भुकेला असतो, वाटीशी धावतो, घास उचलतो आणि टाकतो, हनुवटी लाळेने ओली राहते, तर समोरचे दात मात्र धड दिसतात. गालांच्या आतल्या वळ्यांमुळे अरुंद झालेल्या त्या तोंडात दाढा पाहण्यासाठी कान तपासण्याचे ऑटोस्कोप उपयोगी पडते. केवळ ओठ वर करून पाहणारा डॉक्टर ‘दात ठीक आहेत’ असे म्हणून मोकळा होतो.

म्हणूनच विचारायचे प्रश्न आजारपणाआधीच विचारलेले बरे: कोणती प्रतिजैविके टाळता, दाढा कशाने पाहता, भूल देण्यापूर्वी प्राण्याला उपाशी ठेवता का? गिनीपिगला उलटी होत नाही आणि रिकामे आतडे थंडावते, त्यामुळे रात्रभर उपाशी ठेवण्याचा सल्ला संशयास्पद मानावा. जवळच्या डॉक्टरने शहरातील अनुभवी सहकाऱ्याला फोन करून मात्रा ठरवली, तर त्यात कमीपणा नाही. उलट लांबच्या नामांकित दवाखान्यापेक्षा ही व्यवस्था अनेकदा सरस ठरते, कारण बारा तास खाणे थांबलेला गिनीपिग तातडीचा रुग्ण असतो आणि मालवणहून कोल्हापूर किंवा पणजी गाठायची तर शंभरावर किलोमीटरचा रस्ता पडतो. जावेच लागले तर मे महिन्यात पहाटे निघावे, कारण तिशीपलीकडचे तापमान त्याला सोसत नाही. पेटीत गवत आणि ओली भाजी असावी, आणि स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर आठवड्याला केलेल्या वजनांची वही सोबत न्यावी: आजार लपवण्यात तरबेज असलेल्या या प्राण्याचे वजन पुष्कळदा त्याच्या वागण्याआधी बदलते.