आजोबांचा तिकीट नंबर काय होता?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. कॉलेजच्या फॉर्मवर तुम्ही हाच पत्ता लिहिता. पण बाबांचा जन्म कुठला, ते विचारून बघा. लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड असं काही निघालं, तर आजोबा किंवा पणजोबा गिरणीत असण्याची शक्यता बरीच आहे. घाटकोपरवाल्यांनो, तुमच्या जवळच कुर्ल्याला टाटांची स्वदेशी मिल होती, १८८६ पासूनची. आणखी मागे गेलात, तर मालवण, संगमेश्वर, पाटण, आजरा असं एखादं गाव सापडेल.

'आजोबा, तुम्ही काय करायचात?' असं विचारलं की 'गिरणीत होतो' एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा बारीक प्रश्न विचारा. गिरणी कोणती? खातं कोणतं? पाळी कितवी? बदली होतात की कायम? जेवायला कुठे जायचात?

आता गोष्ट सुरू होईल. साचेखात्यात मागांचा आवाज एवढा, की माणसं खुणांनी बोलायची. आजोबा टीव्हीचा आवाज का वाढवतात, ते कदाचित इथेच कळेल. बदली कामगार म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तरच आत जायचं. एका खोलीत गावचे डझनभर गडी. पाळीप्रमाणे झोपायचं आणि शेजारच्या बाईच्या खानावळीत जेवायचं. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणून आजीलाही विचारा. गिरणगाव काही फक्त पुरुषांनी चालवलं नाही.

मग एक प्रश्न जपून विचारा, संपाचा. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. कुणी गावी परतलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झालं. कुणाच्या मुलाचं शिक्षण सुटलं. तो मुलगा तुमचा काकाही असेल. आजोबा इथे गप्प झाले, तर खोदू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळ बसा.

ही गोष्ट फक्त आपलीच नाही. अमेरिकेत लॉरेन्स नावाचं गिरण्यांचं गाव आहे. तिथे लिथुआनिया, पोलंड, इटलीहून आलेली माणसं राबायची. १९१२ च्या जानेवारीत कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ झाले, तर मालकांनी पगारही कापला. संप पेटला आणि दोन महिन्यांत कामगार जिंकले. त्या लिथुआनियन कामगारांची पणतवंडं आज बोटींच्या जुन्या प्रवासी याद्या चाळत मूळ गाव शोधतात. परक्या कारकुनांनी नावं ऐकली तशी लिहिली, त्यामुळे आडनावंही बदललेली.

आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या कोकणी माणसाचं नाव कोण टिपून ठेवणार? पण आपल्यातल्या अनेकांकडे त्या पणतवंडांकडे नसलेली एक गोष्ट आहे. आपला माणूस अजून घरात आहे. मात्र संपाच्या वेळी तिशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेलाय. वेळ फार नाही.

तेव्हा या रविवारी कपाटावरची ती पत्र्याची पेटी खाली काढा. गिरणीचं ओळखपत्र, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, जे मिळेल त्याचा फोटो काढून ठेवा. तिकीट नंबर नीट लिहून घ्या. तो नुसत्या आठवणीपुरता नाही. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना गिरण्यांच्या जमिनीवर घरं द्यायचं ठरलं. म्हाडाने २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत काढली. हजारो कुटुंबं अजून वाट बघतायत आणि तिथे पुरावा म्हणून हेच कागद लागतात. स्पेलिंग वेगवेगळं असेल, तर तेही आत्ताच बघून ठेवा.

मग मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा आणि पहिला प्रश्न विचारा. 'आजोबा, मुंबईत पहिल्यांदा उतरलात, तेव्हा न्यायला कोण आलं होतं?'