आजची भाकर, आजची चिंता

भिवंडीच्या माणसाला शांततेची भीती वाटते, असे म्हटले तर तुम्हाला हसू येईल. पण ते खरे आहे. आमच्याकडे यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालते. त्या आवाजात आमची मुले गाढ झोपतात. आवाज थांबला की मात्र जाग येते, कारण माग थांबला म्हणजे मजुरी थांबली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सारे माग थांबले. कितीतरी कामगार पायीच गावाकडे निघाले. मे महिन्यात भिवंडी रोड स्थानकातून त्यांच्यासाठी खास गाड्या सुटल्या. मी एका कारखान्यात हिशेब लिहितो. मी कुठे जाणार? घराचा हप्ता, मुलीची फी, आईची औषधे. रात्री दोन वाजता उठून वहीत आकडे मांडायचो. रोज तीच बेरीज आणि रोज तेच उत्तर.

आम्ही ख्रिस्ती. आजोबा नगर जिल्ह्यातून इकडे आले. प्रार्थना लहानपणापासून पाठ होत्या. पण पाठ असणे वेगळे आणि त्यांचा आधार वाटणे वेगळे. एका रात्री आईने हाक मारली, "अरे, ती वही मीट आता. मत्तयाचा सहावा अध्याय काढ. मोठ्याने वाच, मलाही झोप नाही."

त्या अध्यायात प्रभू येशू डोंगरावर जमलेल्या लोकांशी बोलतो. त्या काळी तिथे बहुतेक माणसे शेतीवर, मासेमारीवर नाहीतर रोजंदारीवर जगत, आणि वर रोमन सत्तेचे कर. अशा लोकांना तो पाखरे दाखवतो, रानातली फुले दाखवतो. फुले काही सूत कातत नाहीत, तरी देव त्यांना नटवतो, असे सांगतो. खरे सांगतो, मला रागच आला. आमचे सारे शहर सुतावर जगते! मी म्हणालो, "आई, सूत थांबले म्हणून तर ही वेळ आली ना?"

आई म्हणाली, "पाखरूसुद्धा दाणा टिपायला उडतेच की. तो चिंता सोड म्हणतो, काम सोड म्हणत नाही."

हा फरक माझ्या लक्षात कधी आला नव्हता. काम आजचे असते, चिंता बहुधा उद्याची असते. त्रासच होणार नाही, असे आश्वासन येशू देत नाही. उलट, प्रत्येक दिवसाला त्याचा त्रास असतोच, पण तो त्या दिवसापुरता पुरे, असे सांगतो. त्याच अध्यायातल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो, तीही आजची.

संत पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिले ते तुरुंगातून. चिंता करू नका, जे हवे ते आभार मानून देवाला सांगा, म्हणजे त्याची शांती तुमच्या मनाचे रक्षण करील, असा त्यातला उपदेश आहे. रक्षणासाठी मूळ ग्रीक शब्द आहे तो सैनिकी पहाऱ्याचा. आमच्या कारखान्याला रात्री रखवालदार असतो. चोर नाहीसे होत नाहीत, पण तो जागा असतो म्हणून मालक झोपू शकतो. विश्वासाची शांती अशी असते.

आपल्या मराठीतले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहावे लागले. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः विचारपूर्वक बाप्तिस्मा घेतला. तरी पैशाची ओढाताण सुटली नाही. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना एवढ्या दुःखातही आपण कितीदा हसतो! संकटे गेली म्हणून त्या शांत झाल्या नाहीत. संकटे असतानाच त्यांना उभे राहायला जागा सापडली.

माझे काय झाले? चमत्कार झाला नाही. औषधांसाठी उसने घ्यावे लागले, हप्ते थकले. माग हळूहळू सुरू झाले, पण पूर्वीइतके नाहीत. बदलली ती माझी वही. पानाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूला उद्या मला करता येण्यासारखे लिहू लागलो: बँकेत जाऊन बोलणे, कुणाला फोन करणे. दुसऱ्या बाजूला माझ्या हाती नसलेले. ही दुसरी बाजू मी आईजवळ बसून देवाला वाचून दाखवायचो, एकेक नाव घेऊन. मग वही बंद.

तुमची श्रद्धा वेगळी असेल. झोप फारच उडाली असेल तर डॉक्टरांकडे जाण्यातही कमीपणा नाही. पण आज रात्री एवढे करून पाहा: आपल्या हातचे काय आणि हाताबाहेरचे काय, हे वेगळे करा. हाताबाहेरचे ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे सोपवा आणि दिवा मालवा. सकाळी काम आहेच.