तास्मान समुद्राची दोन तीरे

१९६८ साली राहुरीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा तेथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या आकांक्षेची सीमा बहुधा सरकारी कृषिखात्यापर्यंत, फार तर सहकारी साखर कारखान्यातील शेतकी अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत असे. परंतु पुढे अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी भारतीयांची रांग, दरदेशी ठरलेल्या सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे, लांबतच गेली, तेव्हा ह्या परिसरातील काही घरांची दृष्टी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्या दोन शेजारी देशांकडे वळली, आणि त्यांपैकी कोठे स्थायिक व्हावे ह्याचा खल ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चालू लागला.

गोऱ्यांखेरीज इतरांस मज्जाव करणारे धोरण ऑस्ट्रेलियाने १९७३ साली निखालस टाकले. न्यूझीलंडने १९९१ पासून अर्जदाराचे वय, शिक्षण व अनुभव ह्यांचे गुण मोजण्यास आरंभ केला. त्या दशकात चतुर मंडळींचा हिशेब सरळ होता: न्यूझीलंडचे नागरिकत्व तीन वर्षांत मिळे, आणि १९७३ च्या उभयपक्षी व्यवस्थेमुळे तेथील नागरिकास ऑस्ट्रेलियात राहण्याची व काम करण्याची मुभा होती. ऑस्ट्रेलियाने २६ फेब्रुवारी २००१ पासून ही वाट अरुंद केली. नंतर आलेल्या न्यूझीलंडकरांस राहता येई, पण बहुतेक सरकारी साहाय्य व नागरिकत्वाचा सुलभ मार्ग त्यांना दुरावला. २००५ साली न्यूझीलंडनेही मुदत पाच वर्षांची केली. चार वर्षांच्या वास्तव्यानंतर थेट नागरिकत्वाचा मार्ग न्यूझीलंडकरांस पुन्हा खुला झाला तो जुलै २०२३ मध्ये.

वेतन व नोकऱ्यांचा विस्तार पाहता पारडे ऑस्ट्रेलियाकडे झुकते, ह्यात वाद नाही. पण विद्यापीठाच्या गोठ्यात ‘फुले त्रिवेणी’ गाईच्या संकराचे पाठ घेतलेल्यास न्यूझीलंडचा दुग्धव्यवसाय परका वाटत नाही, आणि खुद्द ‘कायम’पणाच्या कसोटीवर तर मला त्या लहान देशाचाच हक्क अधिक भक्कम वाटत आला आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायम वास्तव्याबरोबर येण्याजाण्याची मुभा पाच वर्षांचीच असते; पुढे परतीचा परवाना घ्यावा लागतो, व पाचांपैकी दोन वर्षे तेथे काढली नसल्यास तो मिळणे दुष्कर होते. न्यूझीलंडमध्ये मात्र पहिली दोन वर्षे अटींप्रमाणे पार पडली की परवान्यास मुदतच उरत नाही, शिवाय नागरिक न होताही सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येते. गावाकडे वडिलांच्या आजारपणात वर्ष-दीड वर्ष थांबावे लागणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा भेद वेतनाच्या आकड्याहून मोठा आहे. तरी बहुतेक घरांत त्याची चौकशी सर्वांत शेवटी झाली.

आईवडिलांना नेण्याच्या बाबतीत दोन्ही देशांनी निराशाच केली. ऑस्ट्रेलियात साधारणतः निम्मी तरी अपत्ये तेथे स्थायिक असावी लागतात. त्यानंतरही एकेका पालकामागे चाळीस हजार डॉलरांहून अधिक शुल्क, किंवा दशकांची प्रतीक्षा. न्यूझीलंडने २०१६ पासून २०२२ पर्यंत पालकांचे नवे अर्ज निवडणेच थांबविले. सत्तरीच्या माणसापुढे असे निर्बंध ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

राहुरीकरास सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न मात्र जमिनीचा. परदेशी नागरिकत्व घेतले की सातबाऱ्यावरील नाव जाईल, ह्या भयाने कित्येकजण कायम वास्तव्यावरच थांबले. वास्तविक वडिलार्जित जमीन वारसाने येण्यास नागरिकत्व बदलल्याने बाध येत नाही. नवी शेतजमीन खरेदी करण्याचा अथवा बक्षीसपत्राने घेण्याचा हक्क मात्र, भारतीय पारपत्र खिशात असले तरी, नोकरीसाठी देश सोडून तेथे वास्तव्य केल्याने परकीय चलनविषयक नियमांनुसार आधीच थांबलेला असतो, आणि आलेली शेतजमीन पुढे विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकता येते. म्हणून वडिलांच्या हयातीतच वाटण्या करावयास निघालेल्या घरांनी मुलाचा अर्ज मेलबर्नला धाडावा की ऑकलंडला, हे ठरविण्यापूर्वी तलाठ्याचे दप्तर पाहिले, तेच योग्य झाले.